वाळू, मुरूम आणि कायदा

खाण म्हटली की डोळ्यांपुढे काय उभे राहते? चंद्रपूरकडचा कोळसा. गोव्याकडचे लाल लोखंडी डोंगर. खोल विवर, मोठमोठी यंत्रे, धुळीने माखलेले मजूर. "आमच्या गावात कुठली आली खाण! आमच्याकडे नुसती वाळू," असे पुष्कळ जण म्हणतात.

पण कायद्याला विचारले तर उत्तर वेगळे येते. विकण्यासाठी नदीतून वाळू काढणे, हे खाणकाम. टेकडी पोखरून रस्त्यासाठी मुरूम नेणे, हेही खाणकाम. माळावरचा दगड फोडून त्याची खडी करणे, हेही खाणकामच. म्हणजे ज्या गावाला नदी आहे, टेकडी आहे, माळ आहे, त्या गावाला हा कायदा लागू आहे. मग तो आपल्याला थोडाफार तरी ठाऊक नको का?

या पाठात आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत. खाणकाम कशाला म्हणायचे? कशाला म्हणायचे नाही? ते करायला कोणकोणते कागद लागतात? आणि आपण गावकऱ्यांनी त्यात काय करायचे?

पण आधी वाळूचा आणि पाण्याचा संबंध पाहू. तो कळला की कायदा कशासाठी केला, हे आपोआप कळते.

वाळू पाणी धरते

घरच्या घरी एक प्रयोग करून पाहा. एक तांब्या घ्या. तो कोरड्या वाळूने काठोकाठ भरा. आता त्यात पेल्याने हळूहळू पाणी ओता. तांब्या तर भरलेलाच आहे. मग पाणी बाहेर सांडायला हवे. पण तसे होत नाही. पाणी आत मुरत जाते. तांब्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके पाणी वाळू पोटात घेते. वाळूच्या कणाकणांमध्ये फटी असतात. त्या फटींत हे पाणी बसते.

नदीचे पात्र म्हणजे असाच एक मोठा तांब्या. पावसाळ्यात पूर येतो. वाळू पाणी पिऊन घेते. पूर ओसरतो, धार आटते. पण वाळूच्या पोटात पाणी राहते. म्हणून तर उन्हाळ्यात कोरड्या पात्रात झिरा उकरला की पाणी लागते. हेच पाणी काठच्या विहिरींना पुरते.

आता थोडा हिशेब करू. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. त्याचे सुमारे 2,830 लिटर होतात. त्याचा तिसरा हिस्सा धरला, तर एक ब्रास वाळू सुमारे 900 लिटर पाणी सांभाळते. 1,000 ब्रास वाळू गेली, तर 9 लाख लिटर पाणी सांभाळणारी जागा गेली.

कुणी म्हणेल, "वाळू गेली तर खड्डा पडेल. खड्ड्यात पाणी जास्तच साचेल की!" साचेल खरे. पण उघडे पाणी उन्हाने उडून जाते. वाळूखालचे पाणी टिकते. शिवाय पात्र खोल गेले, की काठच्या विहिरींचे पाणी उलटे नदीकडे झिरपू लागते. विहीर तीच, खोली तीच. पण पाणी खाली जाते. मग विहिरीत आडवे बोअर मारा, परस खोल करा, नवी मोटार घ्या, हा खर्च कुणाच्या अंगावर येतो? ज्याने वाळू नेली त्याच्या नव्हे, विहीरवाल्याच्या. पात्र खोल गेले की काठही ढासळतो. काठची जमीन नदीत जाते. पुलाचे पाये उघडे पडतात.

म्हणून वाळू काढूच नये काय? तसे कुणी म्हणत नाही. वाळूशिवाय घर होत नाही, शाळा होत नाही, पाण्याची टाकी होत नाही. वाळूच्या कामावर अनेकांची चूलही पेटते. पूर येतो तेव्हा नवी वाळू आणतो. जेवढी येते तेवढीच काढली, तर नदीचे फारसे बिघडत नाही. व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये, असे आपण म्हणतो ना? वाळूचेही तेच आहे. व्याज किती आणि मुद्दल किती, हे ठरवण्यासाठी कायदा आहे.

कायदा खाणकाम कशाला म्हणतो?

आपल्या देशात 1957 साली खाणी आणि खनिजे यांचा मोठा कायदा झाला. त्यात खाणकामाचा अर्थ सांगितला आहे. तो सोप्या शब्दांत असा: खनिज मिळवण्यासाठी केलेले कोणतेही काम म्हणजे खाणकाम.

'कोणतेही' हा शब्द नीट लक्षात घ्या. खड्डा खोल असो की उथळ, काम यंत्राने होवो की फावड्याने, त्याने अर्थ बदलत नाही. 1976 साली उत्तर प्रदेशातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पुराने जमिनीवर आणून टाकलेली वाळू म्हणजे खनिज काय, असा प्रश्न होता. खनिज जमिनीच्या पोटातच असते असे समजू नये, ते जमिनीच्या वरही असू शकते, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा "आम्ही तर वरची वाळू गोळा केली, खाण कुठे खणली?" हे म्हणणे चालत नाही.

याच कायद्यात 'गौण खनिज' असा एक शब्द आहे. गौण म्हणजे दुय्यम. बांधकामाचा दगड, खडी, साधी माती, साधी वाळू, ही गौण खनिजे. कोळसा, लोखंड, मँगनीज यांचे नियम मुख्यतः केंद्र सरकार करते. गौण खनिजांचे नियम राज्य सरकारने करायचे असतात. महाराष्ट्राने असे नियम 2013 साली केले. त्यांचे नाव महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम. उत्खनन म्हणजे खोदून काढणे. सरकारी कागदावर हा शब्द वारंवार येतो. तो ओळखून ठेवा. गौण हे कागदावरचे नाव झाले. गावाच्या पाण्याच्या दृष्टीने वाळू मुळीच गौण नाही.

मातीची गोष्ट आणखी गमतीची आहे. माती कशासाठी काढली, यावर ती खनिज ठरते की नाही, हे अवलंबून असते. भरावासाठी किंवा जमीन सपाट करण्यासाठी रस्त्याच्या, रेल्वेच्या, बांधाच्या, इमारतीच्या कामात वापरलेली साधी माती, हे गौण खनिज आहे, असे केंद्र सरकारने 2000 साली जाहीर केले. पुढे पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. पाया खणताना निघालेली माती त्याच जागेवर पुन्हा वापरली, तर तिचे पैसे सरकारला द्यायचे काय? न्यायालयाने 2014 साली सांगितले, की नुसती माती खणली म्हणून आकारणी करता येत नाही. त्या मातीचा उपयोग कशासाठी झाला, ते आधी पाहिले पाहिजे.

"पण जमीन माझी. माझ्या शेतातला मुरूम मी विकला तर कुणाचे काय गेले?" असे शेतकरी विचारतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे 48 वे कलम सांगते, की खनिजांवरचा हक्क शासनाचा आहे. सातबारा आपल्या नावावर असला, तरी मुरूम विकायला परवाना लागतो आणि स्वामित्वधन भरावे लागते. स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी. घरच्या आणि शेतीच्या कामासाठी काही सवलती आहेत. पण काम सुरू करण्यापूर्वी तहसील कार्यालयात विचारून घ्यावे, आणि उत्तर लेखी घ्यावे.

कायदा खाणकाम कशाला म्हणत नाही?

इथवर आपण खनिजांचा कायदा पाहिला. आता पर्यावरणाचा कायदा पाहू. पर्यावरण म्हणजे आपल्या भोवतालचे पाणी, हवा, जमीन, झाडे, जनावरे आणि माणसे. 1984 साली भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्या कायद्याखाली केंद्र सरकारने 2006 साली एक अधिसूचना काढली. कोणत्या कामाला आधी पर्यावरण मंजुरी घ्यायची, हे तिच्यात आहे. खाणकाम त्यात येते.

पण कुंभाराने मडक्यांसाठी टोपलीभर माती काढली, तर त्यानेही मंजुरी आणायची काय? शेतकऱ्याने विहीर खणली, तर? असे झाले तर गावाचे सगळे व्यवहार ठप्प होतील. म्हणून सरकारने 2016 साली एक यादी केली. या यादीतल्या कामांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. त्यातली मुख्य कामे अशी:

कुंभाराने चालीरीतीप्रमाणे मडकी, पणत्या, खेळणी यांसाठी हाताने माती काढणे.

कौले करणाऱ्याने हाताने माती काढणे.

पुराने शेतात आणून टाकलेली वाळू शेतकऱ्याने बाजूला काढणे.

गावाच्या हद्दीतून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे, स्वतःच्या वापरासाठी किंवा गावच्या सार्वजनिक कामासाठी वाळू-माती काढणे.

गावतळ्यातला गाळ काढणे, रोजगार हमीतून रस्ता, तळे, बांध करणे.

शेतीसाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी विहीर खणणे.

ही यादी वाचली, की एक गोष्ट ध्यानात येते. इथे हात आहेत, घरचा वापर आहे, गावाची गरज आहे. मोठे यंत्र आणि मोठी विक्री नाही. कायदा गरजेला अडवत नाही, तो धंद्याला नियम लावतो.

मात्र एक खूणगाठ बांधा. ही सूट पर्यावरण मंजुरीपुरती आहे. महसूल खात्याचे नियम वेगळे. ते पाळावेच लागतात.

सवलत आली की तिच्या आडून पळवाट काढणारेही येतात. समजा, गावतळ्यातला गाळ काढायचे ठरले. गाळ शेतात गेला तर चांगलेच. पण गाळ संपला तरी पोकलेन थांबत नाही. खालचा मुरूम टिपरमध्ये भरला जातो आणि तालुक्याला विकला जातो. आता हे गाळ काढणे राहिले काय? कागदावर नाव गाळाचे, पण काम खाणीचे. अशा वेळी तीन प्रश्न विचारावेत. काढले काय? किती काढले? गेले कुठे?

हाच प्रश्न मोठ्या पातळीवरही निघाला होता. केंद्र सरकारने 2020 साली रस्ते, जलवाहिन्या अशा लांबच लांब कामांसाठी लागणाऱ्या साध्या मातीला पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट दिली. ती देताना लोकांच्या हरकतीही मागवल्या नाहीत. कुणीतरी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 रोजी ती सूट रद्द केली. किती माती, कुठून, कोणत्या पद्धतीने, याला काही मर्यादाच घातलेली नव्हती, हे न्यायालयाला पटले नाही. सूट देताना मोजमाप हवे, हा त्यातला धडा.

कोणकोणते कागद लागतात?

खाणकाम करायचे, तर एकच कागद पुरत नाही. मुख्य कागद असे आहेत.

पहिला कागद पट्ट्याचा किंवा परवान्याचा. वाळूसाठी बहुतेक वेळा लिलाव होतो. कोणता गट क्रमांक, किती क्षेत्र, किती ब्रास, किती मुदत, हे त्यात लिहिलेले असते. महाराष्ट्रातले वाळूचे धोरण अधूनमधून बदलते. 2023 साली सरकारी डेपोतून वाळू विकायचे ठरले. 2025 साली पुन्हा लिलावाची पद्धत आली, आणि घरकुल मिळालेल्या कुटुंबांना 5 ब्रासपर्यंत वाळू फुकट द्यायचे ठरले. म्हणून चालू वर्षाचा नियम तहसीलीत विचारून घेणे बरे.

दुसरा कागद पर्यावरण मंजुरीचा. या मंजुरीत अटी असतात. या अटी फार महत्त्वाच्या आहेत. वाळूबाबत केंद्र सरकारने 2016 साली आणि 2020 साली सूचना काढल्या. पावसाळ्यात नदीतून वाळू काढायची नाही. 3 मीटरपेक्षा खोल जायचे नाही. 3 मीटर म्हणजे दहा फुटांच्या आत. आणि त्याआधी पाणी लागले, तर तिथेच थांबायचे. काठापासून आणि पुलापासून अंतर ठेवायचे. जिल्ह्यात कुठे किती वाळू आहे, किती नवी येते, याचा अहवाल आधी तयार करायचा. व्याज किती, मुद्दल किती, असे आपण मघाशी म्हटले, ते हेच.

तिसरा कागद वाहतुकीचा पास. प्रत्येक खेपेला पास लागतो. पासवर गाडीचा नंबर आणि वेळ असते. एकाच पासावर पाच खेपा मारणे म्हणजे चार खेपा चोरीच्या.

जमीन वनखात्याची असेल, तर वनाच्या कायद्याची मंजुरी वेगळी लागते.

आता एक जुनी युक्ती सांगतो. पूर्वी 5 हेक्टरपेक्षा लहान खाणीला पर्यावरण मंजुरी लागत नसे. 5 हेक्टर म्हणजे साधारण साडेबारा एकर. मग काय झाले? एकाच नदीच्या पात्राचे पाच हेक्टरांहून लहान तुकडे पाडले गेले. प्रत्येक तुकडा लहान. म्हणून मंजुरी नको. पण सगळे तुकडे मिळून नदी तीच! हरियाणा सरकारने 2011 साली असे लिलाव काढले, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 27 फेब्रुवारी 2012 रोजी न्यायालयाने सांगितले, की 5 हेक्टरांहून लहान पट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवीच. तेव्हापासून "आमचा पट्टा लहान आहे, आम्हाला कसली मंजुरी?" हे उत्तर उरलेले नाही.

कागद असला तरी त्याची मुदत पाहावी लागते. गोव्यात काय झाले पाहा. तिथे लोखंडाच्या खाणी पोर्तुगीज काळापासूनच्या. 2012 साली शहा आयोगाचा अहवाल आला आणि खाणी बंद झाल्या. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली होती. त्यानंतरचे खाणकाम बेकायदा. पुढे सरकारने 88 पट्ट्यांची मुदत पुन्हा वाढवली. न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी तेही रद्द केले. खाणीवरचे मजूर, कर्ज काढून ट्रक घेतलेली माणसे, होडीवाले, यांचा रोजगार एका दिवसात थांबला. नियम मोडले दुसऱ्यांनी, आणि ताप झाला यांना. म्हणून खाणीवर पोट असणाऱ्यांनीही कागद पाहिला पाहिजे. कायद्याने चाललेली खाण टिकते. चोरीची खाण आज आहे, उद्या नाही.

गावाचे म्हणणे कुठे मांडायचे?

पहिली जागा म्हणजे ग्रामसभा. आदिवासी भागांसाठी 1996 साली पेसा नावाचा कायदा झाला. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार, पालघर, नाशिक अशा काही जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्राला तो लागू आहे. तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस घेणे बंधनकारक आहे.

ग्रामसभेचा शब्द किती वजनदार असतो, याचे उदाहरण ओडिशात घडले. नियमगिरी नावाचा डोंगर आहे. डोंगरिया कोंध आदिवासी त्याला देव मानतात. त्या डोंगरात बॉक्साइट आहे. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम होते. खाण व्हावी की नाही, याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. वनहक्क कायद्याप्रमाणे ग्रामसभांना विचारा, असे न्यायालयाने 2013 साली सांगितले. बारा गावांच्या ग्रामसभा झाल्या. बाराही सभांनी नको म्हटले. खाण झाली नाही.

दुसरी जागा म्हणजे जनसुनावणी. मोठ्या खाणीसाठी मंजुरी देण्याआधी लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ही सुनावणी भरवते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतो. किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठीतही ठेवावा लागतो. तिथे बोलायला वकील लागत नाही. आपली विहीर, आपली गुरे, आपली वाट, यांबद्दल आपल्या भाषेत सांगावे. बायकांनीही बोलावे. पाणी कुठून आणि किती लांबून भरावे लागते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? आपण बोललो ते लिहून घेतले की नाही, हे निघण्यापूर्वी पाहावे.

तिसरी जागा म्हणजे तक्रार. आधी तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि मग तहसीलदार. बेकायदा वाळू-मुरूम काढणाऱ्याला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. गाडी आणि यंत्र जप्त करता येते. 1957 च्या कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरमागे पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नदीतली वाळू चोरणे हा चोरीचाही गुन्हा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले आहे.

पण एक कळकळीची सूचना आहे. रात्री एकट्याने गाडी अडवायला जाऊ नका. वाळूत मोठा पैसा आहे, आणि पैशापुढे काही माणसे जीवाची पर्वा करत नाहीत. गाडीपुढे आडवे पडण्यापेक्षा पाच-पन्नास जणांच्या सह्यांचा अर्ज बरा. एकट्याला दमदाटी करता येते. गावाला करणे सोपे नसते. तातडीची वेळ आली, तर 112 क्रमांकावर पोलिसांना फोन करा.

चौथी जागा म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. 2010 च्या कायद्याने ते स्थापन झाले. पर्यावरणाचे दावे तिथे चालतात. आपल्या भागासाठी त्याचे खंडपीठ पुण्यात आहे. पर्यावरण मंजुरी चुकीची दिली असे वाटले, तर साधारण 30 दिवसांत तिथे अपील करावे लागते. म्हणून मंजुरीची तारीख माहीत असणे जरुरीचे आहे.

"आमच्या एका कागदाने काय होणार?" असे वाटते ना? मग डेहराडूनची हकिकत ऐका. हिमालयाच्या पायथ्याशी दून नावाचे खोरे आहे. तिथे मसुरीच्या डोंगरात चुनखडीच्या खाणी होत्या. डोंगर उघडे पडले, झरे आटू लागले. 1983 साली तिथल्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. तज्ज्ञांच्या समित्या नेमल्या. 1985 साली त्यातल्या पुष्कळ खाणी बंद करण्याचा हुकूम झाला. सुरुवात एका पत्राने झाली होती.

अर्ज कसा लिहावा?

गावाजवळ खाणकाम चालू आहे. ते कायद्याने चालले आहे की नाही, हे कसे कळणार? तर्क करत बसू नये. कागद मागावा. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने प्रत्येक नागरिकाला सरकारी कागद मागता येतो. 10 रुपये शुल्क लागते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय असावा, आणि तो दीडशे शब्दांत बसवावा. तहसीलीत अर्जाचा छापील नमुना असतो. त्यात असा मजकूर भरावा:

"प्रति, जन माहिती अधिकारी, तहसील कार्यालय. आमच्या गावाच्या हद्दीत नदीपात्रात गट क्रमांक अमुक येथे वाळू काढण्याचे काम चालू आहे. त्याबाबत पुढील कागदांच्या नकला मिळाव्यात. एक, लिलावाचा आदेश व पट्टा. दोन, पर्यावरण मंजुरी व तिच्या अटी. तीन, किती ब्रास काढायला परवानगी आहे आणि आजपर्यंत किती काढली. चार, पट्ट्याची मुदत. आपला, अमुक. गाव अमुक. तारीख अमुक."

अर्ज दिला की पोच घ्यावी. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची सही आणि शिक्का असलेली नक्कल. ती जपून ठेवावी. उत्तर आले की चारचौघांनी मिळून वाचावे, आणि नदीवर जाऊन पाहावे. कागदात 3 मीटर आहे, जागेवर किती आहे? कागदात मुदत मे महिन्यापर्यंत आहे, गाड्या जुलैतही चालू आहेत काय? सगळे नियमाप्रमाणे असेल, तर कुणावर उगाच आळ घेऊ नये. तफावत दिसली, तर तीच तक्रारीत लिहावी. तारीख घालावी, जागा घालावी, फोटो असल्यास जोडावा.

वर दिलेला अर्ज आज वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून काढा. 'अमुक' लिहिले आहे तिथे आपल्या गावाचे नाव आणि आपल्या नदीकाठचा गट क्रमांक घाला. मग शेजाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवा.